कुराणपठणातील 'वक्फ' आणि अर्थनिर्णय

कुराणाच्या आरंभीच्या हस्तलिखितांत वाक्यान्तर्गत विरामाची चिन्हे नव्हती. आयत संपल्याची खूण काय ती आढळते. त्यामुळे कोठे थांबावे (वक्फ) व कोठून पुनः आरंभ करावा (इब्तिदा), हे दीर्घकाळ गुरुमुखानेच शिकावे लागे. इब्न अल्-अंबारी (मृत्यू इ. स. ९४०) याचा या विषयावरील ग्रंथ आज उपलब्ध आहे. पुढे अंदलुसचा अद्-दानी (मृत्यू १०५३) याने विरामांचे पूर्ण, पर्याप्त, चांगला व कुत्सित असे चार वर्ग केले. हे वर्गीकरण केवळ श्वासाच्या सोयीचे नाही. वाक्याचा अन्वय व अर्थ कितपत पुरा झाला, हीच त्याची कसोटी आहे.

याचे मर्म तिसऱ्या सूरेच्या सातव्या आयतीत दिसते. संदिग्ध वचनांचा अर्थ ईश्वरावाचून कोणी जाणत नाही, असे तेथे म्हटले असून लगेच 'ज्ञानात दृढ असलेले' हे पद येते. हे पद ईश्वराशी जोडून वाचले, तर विद्वानांनाही तो अर्थ ठाऊक असल्याचे ठरते; आधी थांबले, तर ते केवळ श्रद्धा व्यक्त करणारे ठरतात. जोडून वाचण्याचा पक्ष मुजाहिद या प्राचीन भाष्यकाराच्या नावे सांगितला जातो. येथे विभक्तीही निर्णय देत नाही, कारण दोन्ही पदे प्रथमेतच आहेत! पुढील 'म्हणतात' हे क्रियापदही एका पक्षी विधेय, तर दुसऱ्या पक्षी अवस्थादर्शक होते. पठण करणाऱ्याला मात्र अनिर्णीत राहता येत नाही. त्याचे मौन हेच भाष्य होते. (वैदिक पदपाठकारांनाही संहितेचे पदच्छेद करताना असाच निर्णय घ्यावा लागे, परंतु तेथे प्रश्न शब्दाच्या सीमेचा, येथे वाक्याच्या.)

विरामाने शब्दाचे रूपही बदलते. शब्दान्तीचा ऱ्हस्व स्वर लोपतो, आणि विभक्ती दाखविण्याचे काम बहुधा त्याच स्वराकडे असते.

बाराव्या शतकातील सजावंदीने विरामांना अक्षरचिन्हे नेमून दिली: आवश्यक विरामाला 'मीम', निरपेक्ष विरामाला 'ता', ऐच्छिकाला 'जीम', निषेधाला 'ला'. भारतीय छापील प्रती आजही मुख्यतः हीच पद्धती अनुसरतात. १९२४ च्या कैरो आवृत्तीने निराळी, आटोपशीर चिन्हमाला स्वीकारली व अरब देशांत ती रूढ झाली. विद्यार्थी ही चिन्हे मूळ संहितेचाच भाग समजतात, हे योग्य नव्हे. उपर्युक्त आयतीतच पाहा: भारतीय प्रतींत त्या स्थळी 'मीम' आहे, म्हणजे थांबलेच पाहिजे, मदीनेच्या राजा फहद मुद्रणालयाच्या प्रतींत थांबणे श्रेयस्कर मानले आहे, पण पुढे जाण्यास मनाई नाही. मुजाहिदचा पक्ष एका प्रतीत मिटला आहे, दुसरीत अद्याप उघडा आहे.