बरकुडिया : एका पादहीन सापसुरळीच्या नामकरणाचा इतिहास

प्राण्याचे शास्त्रीय नाव ही केवळ खूण नसते. पुष्कळदा ते एक विधानही असते. विधान म्हटले की त्याच्या सत्यासत्यतेचा प्रश्न ओघानेच येतो. ‘बरकुडिया इन्सुलॅरिस’ हे नाव या दृष्टीने विचारार्ह आहे.

ओडिशातील चिल्का सरोवरात बरकुडा नावाचे एक लहानसे बेट आहे. या सरोवराच्या जीवसृष्टीचे संशोधन नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी चालविले होते. १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे ते पहिले संचालक होत. बरकुड्यावर सापडलेल्या एका पादहीन सापसुरळीसाठी त्यांनी १९१७ मध्ये नवी प्रजाती स्थापिली. प्रजातीस बेटाचे नाव मिळाले आणि जातीस ‘इन्सुलॅरिस’, म्हणजे ‘बेटावरील’, हे विशेषण. अशा रीतीने एकाच नावात बेटाचा निर्देश दोनदा झाला.

या प्राण्याचे शरीर लांबट, डोळे अतिसूक्ष्म आणि पाय अजिबात नाहीत. झाडांच्या मुळांलगतच्या भुसभुशीत मातीत तो राहतो. अशा मातीतून अंग वळवीत पुढे सरकताना पायांचा उपयोग थोडा आणि अडथळाच अधिक. म्हणूनच सापसुरळ्यांच्या निरनिराळ्या वंशांत पाय स्वतंत्रपणे, अनेकवार लोपलेले दिसतात. रूप सापाचे असले तरी कुळ सरड्यापालींचेच. मराठीतील ‘सापसुरळी’ हा शब्द हे साम्य आधीच नोंदवून ठेवतो, हे येथे लक्षात घ्यावे.

पुढे १९५२ मध्ये गणपती व नायर यांनी विशाखापट्टणमजवळच्या वॉल्टेअर येथून, म्हणजे मुख्य भूमीवरून, बरकुडियाची नोंद केली. आता तेथील प्राणी ‘बरकुडिया मेलॅनोस्टिक्टा’ ही निराळी जाती मानतात. यातील जातिवाचक नाव श्नायडर यांनी १८०१ मध्येच दिले होते. म्हणजे ज्या प्रजातीला बेटाने नाव दिले, तिची एक जाती त्यापूर्वी ११६ वर्षे शास्त्राच्या दप्तरी दाखल होती!

तात्पर्य, ‘बेटावरील’ हे विशेषण शोधाचे स्थळ सांगते. वंशाच्या विस्ताराची सीमा ते ठरवीत नाही. भूमिगत प्राणी सहसा दृष्टीस पडत नाही. नावावर विसंबून आपण त्याला बेटापुरताच धरला, तर किनाऱ्यावरील माती उकरून पाहण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही. आणि जो प्राणी कोणी शोधलाच नाही, त्याचे रक्षण तरी कोण करणार?