आजीचे दात कशाने हलले? हिरड्यांचा आजार आणि कारण शोधण्याची गोष्ट

संशोधनाकडे वळणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज सुरुवात घरातल्या एका वादाने करते.

माझ्या आजीने साठीत पहिल्यांदा दात साफ करून घेतले. आठवड्याभरात तिची तक्रार सुरू झाली: "दात लांब दिसतायत, फटी पडल्यात, हलतायत. त्या डॉक्टरने मशीन लावून हिरड्या खाली उतरवल्या." घरात सगळ्यांना ते पटलं. आधी सफाई, मग सैल दात. अजून काय पुरावा हवा?

तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी आहात, म्हणून तुम्हाला लगेच शंका येईल. एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली, असं होत नाही. पण मग खरं कारण ठरवायचं कसं? दंतवैद्यकाला याच प्रश्नाने बराच काळ छळलंय.

पाहणी काय सांगते आणि काय नाही

दातांवरच्या पांढऱ्या थरात जिवंत जंतू असतात हे लेवेनहूकने १६८३ सालीच रॉयल सोसायटीला कळवलं होतं. पण जंतू दिसणं वेगळं आणि ते दोषी ठरणं वेगळं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संशयितांची यादी लांबलचक होती: वय, आहार, खरखरीत कीटण, चावताना दातांवर पडणारा दाब.

मग पाहण्या झाल्या. त्यातली एक आपल्या मुंबईतली. सिगर्ड रॅमफियोर्ड यांनी मुंबईतल्या ११ ते १७ वर्षांच्या मुलांच्या हिरड्या तपासल्या आणि १९६१ मध्ये निष्कर्ष छापले. अशा पाहण्यांमधून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती: जिथे तोंडात घाण जास्त, तिथे हिरड्यांचा आजार जास्त. पण एकदाच केलेली पाहणी म्हणजे एक फोटो. घाणीमुळे हिरड्या सुजल्या, की हिरड्या दुखतात म्हणून माणसाने घासणं कमी केलं, हे फोटो सांगत नाही.

बारा जणांनी ब्रश खाली ठेवला

हा पेच सोडवला डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथे हाराल्ड लोअ आणि सहकाऱ्यांनी. १९६५ मध्ये छापलेला त्यांचा प्रयोग अगदी साधा होता. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणं पूर्ण बंद केलं. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या.

इथे कंट्रोल ग्रुप कुठेय, असं विचाराल. प्रत्येक माणूस स्वतःचाच कंट्रोल होता. कारण आणलं, परिणाम आला. कारण काढलं, परिणाम गेला. वय, आहार, अनुवंश काहीच बदललं नव्हतं. बारा माणसांत इतकं साधलं, कारण प्रश्न नेमका होता.

पण या प्रयोगाची मर्यादाही ओळखा. त्याने फक्त सूज सिद्ध केली, आणि सूज भरून येते. दाताभोवतीचं हाड झिजणं, हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडणं हा पुढचा टप्पा. तो आपोआप भरून येत नाही आणि त्याला वर्षं लागतात. माणसांना वीस वर्षं दात घासू नका असं सांगणार कोण?

चहाचे मळे आणि ऑस्लो

इथून गोष्ट श्रीलंकेत जाते. लोअ यांच्या गटाने १९७० मध्ये तिथल्या चहाच्या मळ्यांवरचे ४८० पुरुष मजूर निवडले. त्यांच्यापर्यंत टूथब्रश पोचला नव्हता, दंतसेवाही नव्हती. १५ वर्षं त्यांना पुन्हा पुन्हा तपासलं. तुलनेसाठी ऑस्लोमधले विद्यार्थी आणि शिकलेले पुरुष होते. नियमित घासणारे, नियमित डॉक्टरकडे जाणारे.

सगळ्या मजुरांच्या दातांवर थर होता, हिरड्या सुजलेल्या होत्या. तरी सुमारे ८ टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांचा सूज सोडून पुढे गेलाच नाही. पस्तिशीत पहिल्या गटाचा दाताभोवतीचा आधार सरासरी ९ मिलीमीटर गेला होता. शेवटच्या गटाचा १ मिलीमीटरपेक्षा कमी. म्हणजे थर लागतोच, पण तो एकटा पुरत नाही. शरीर त्याला कसं उत्तर देतं, यावर पुढचं ठरतं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. १९९२ मध्ये त्यांनी याच दोन गटांतल्या उतरलेल्या हिरड्यांचा हिशोब मांडला. मजुरांच्या हिरड्या तिशीपर्यंत ९० टक्के जणांत उतरल्या होत्या. यात नवल नाही. पण ऑस्लोच्या मंडळींमध्येही विशीतच ६० टक्क्यांहून जास्त जणांत कुठे ना कुठे हिरडी उतरलेली होती! स्वच्छ तोंडं, तरीही?

उत्तर जागेत होतं. ऑस्लोकरांच्या हिरड्या मुख्यतः दातांच्या बाहेरच्या, गालाकडच्या बाजूला उतरल्या होत्या, म्हणजे जिथे ब्रशचा जोर पडतो तिथे. मजुरांच्या सगळीकडून, दोन दातांच्या मधूनही. दोन्ही गटांत आहार, पैसा, सवयी सगळंच वेगळं, त्यामुळे नुसत्या टक्केवारीच्या तुलनेवर फार विसंबता येत नाही. पण एकाच तोंडातल्या दोन बाजूंची तुलना हा फरक बाजूला सारते. लक्षण एक, कारणं दोन.

उपचारात याचा उपयोग

कारण वेगळं तर उपचारही वेगळा. जोराने घासल्यामुळे उतरली असेल तर मऊ ब्रश आणि हलका हात. गरज पडली तर टाळूचा पातळ तुकडा लावून मूळ झाकता येतं. आजारामुळे उतरली असेल तर आधी हिरडीखालचं कीटण आणि थर काढायचा, आणि मग आयुष्यभर ठरावीक काळाने सफाई. १९८५ मध्ये पी. डी. मिलर यांनी केलेलं वर्गीकरण हेच सांगतं: दोन दातांमधलं हाड शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची आशा असते, ते गेलं असेल तर नाही.

आता आजीकडे परत. तिचं हाड वर्षानुवर्षं झिजत होतं. सुजलेली हिरडी आणि कीटणाचा जाड थर यांनी ते झाकलं होतं, हलणारे दात कीटणाने एकमेकांना बांधल्यासारखे धरले होते. सफाईने सूज उतरली, कीटण निघालं आणि आधीच झालेलं नुकसान उघडं पडलं. आजी खोटं बोलत नव्हती. तिच्याकडे फक्त एक 'आधी' आणि एक 'नंतर' होतं. पण त्या समजुतीपायी ती पुन्हा दवाखान्यात गेली नाही, आणि चार वर्षांत खालचे पुढचे दात गेले. चुकीचं कारण धरलं की अशी किंमत मोजावी लागते.

अजून एक. त्या मजुरांपैकी ७५ जणांना २०१० मध्ये पुन्हा तपासलं गेलं. आज आपल्याला जे कळतं, ते त्यांच्या पडलेल्या दातांवरून कळलं. उपचार न मिळालेल्या माणसांकडे १५ वर्षं नुसतं पाहत राहावं का? तुमच्या एथिक्स कमिटीसमोर असा प्रस्ताव आला तर तुम्ही काय म्हणाल?

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा वहीत तीन ओळी लिहा: माझा परिणाम आणखी कशाकशाने होऊ शकतो? ती कारणं वेगळी करणारी 'जागा' माझ्या डेटात कुठे आहे? आणि माझ्या उत्तराची किंमत कोण मोजतंय? तिसरी ओळ कोरी राहिली, तर गाइडकडे जायची घाई करू नका.