भोंग्याचा घसा

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने हैदराबादच्या रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. पोलीस कारवाई १३ तारखेला सुरू झाली होती; पाच दिवसांत संस्थान शरण आले. स्वामी रामानंद तीर्थांचा लढा, सरहद्दीवरचे कॅम्प, रझाकारांचे जुलूम, कारवाईनंतर निरपराध मुसलमान कुटुंबांवर ओढवलेले प्रसंग, यांवर थोडेफार लिहिले गेले आहे. पण ती घोषणा ज्यांनी ऐकली त्यांच्या कानी ती आली एका कागदी शंकूतून, आणि त्या शंकूचा इतिहास आपल्या बिदर-गुलबर्गा भागात कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. (गुलबर्ग्याचे २०१४ पासून कलबुर्गी झाले, पण जुन्या काळाबद्दल लिहिताना जुनेच नाव तोंडी येते.)

हा शंकू, म्हणजे दुकानातल्या भाषेतला 'कोन', आला अमेरिकेतून. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ साली आपला ध्वनिक्षेपक जाहीर केला. चुंबकाच्या अरुंद फटीत तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी, गुंडाळीला चिकटलेला कागदाचा कोन. तारेतून आवाजाचा प्रवाह गेला की गुंडाळी पुढे-मागे हलते आणि कोन हवा ढकलतो. इतकी वर्षे झाली तरी मूळ रचना तीच आहे. फरक पडला तो मुख्यतः चुंबकात. सुरुवातीला जोरदार कायमचे चुंबक मिळत नसत. म्हणून मागे तारेचे मोठे वेटोळे बसवून त्यातून सतत एकदिश प्रवाह सोडीत व विद्युतचुंबक करीत. पुढे अल्निको या मिश्रधातूचे चुंबक आले, त्यानंतर काळे फेराइटचे. जुने युनिट हातात घेतले की पाठीमागचा भाग पाहूनच त्याच्या वयाचा अंदाज येतो.

हैदराबादेत डेक्कन रेडिओ १९३५ साली सुरू झाला. पण रेडिओ ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली वस्तू. चारचौघांत मोठ्याने बोलायची सोय वेगळी, आणि संस्थानात मुळात चारचौघांत बोलण्यालाच बंदी! 'गश्ती निशाण ५३' या कुप्रसिद्ध फर्मानाने परवानगीवाचून सभा घेता येत नसे. ब्रिटिश मुलखात काँग्रेसच्या अधिवेशनांत मोटवाने यांच्या 'शिकागो रेडिओ'चे कर्णे गर्जत होते (नाव अमेरिकेचे, मालक मात्र सिंधी), तेव्हा आपल्याकडे हलगीवर दवंडी पिटली जात होती.

१९४८ नंतर चित्र पालटले. १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक, मग राज्य पुनर्रचनेचा वाद, १ नोव्हेंबर १९५६ ला आपले जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. या सगळ्या धामधुमीत सभा झाल्या, आणि सभा म्हटली की भोंगा आला. माणिकनगरची दत्तजयंती, भालकीजवळच्या मैलारची खंडोबाची यात्रा, गाणगापूर, गुलबर्ग्याचा ख्वाजा बंदानवाजांचा उरूस आणि शरणबसवेश्वरांचा रथोत्सव. तंबूतले सिनेमे, लग्ने, भजने, गणपती. १९४० साली दिल्लीत निघालेल्या 'अहुजा' कंपनीचे नाव तर पुढे भोंग्याचेच दुसरे नाव होऊन बसले. १९६६ सालीच गुलबर्ग्याला आकाशवाणी केंद्र आले आणि घरोघरच्या रेडिओचीही भर पडली.

आता हे सगळे आवाज बिघडल्यावर कोठे जात? तालुक्याच्या बाजारपेठेत, बसस्टँडाजवळच्या एखाद्या आठ बाय दहाच्या खोलीत. सीमाप्रश्नावर मराठीत गाजलेली सभा असो की त्याच मैदानावर दुसऱ्या आठवड्यात झालेली कन्नड सभा. जळालेले युनिट त्याच टेबलावर येई. गिऱ्हाईक मराठी किंवा कन्नड, कारागिराशी घासाघीस बहुधा दखनीत. आपल्या द्विभाषिक, खरे तर त्रिभाषिक, समाजाचा इतका प्रामाणिक नमुना दुसरा सापडणे कठीण.

भोंग्याचे युनिट आणि रेडिओचा कोन यांची दुखणी वेगवेगळी. भोंग्याच्या आत घंटेच्या आकाराचा पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम असतो. त्याचा आवाज एका अरुंद घशातून फुलणाऱ्या कर्ण्यात जातो. अॅम्प्लिफायर पूर्ण पिळला की आवाज फाटतो आणि तारेची गुंडाळी तापून जळते. झाडावर बांधून ठेवलेल्या भोंग्यात मृगाचे पाणी शिरते, कधी कुंभारीण माशी घर करते. मात्र प्रत्येक मुके युनिट जळालेले नसते. पुष्कळदा गुंडाळीकडे जाणारी बारीक तार वाकून वाकून बाहेरच तुटलेली असते. तिथे डाखाचा एक थेंब पुरतो. म्हणून जाणता कारागीर आधी मीटर लावतो. आठ ओहमच्या गुंडाळीला मीटर सहा-सात दाखवतो, सोळाच्या गुंडाळीला बारा ते चौदा. काटा हललाच नाही तर तार कुठेतरी तुटली आहे, मग पुढचे काम.

कोनाचे काम याहून नाजूक. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सारख्या दाबाने आत ढकलून कान लावायचा. खरखर ऐकू आली तर गुंडाळी चुंबकाला घासते आहे किंवा फटीत लोखंडाचा कीस अडकला आहे. कीस चुंबकाला धरून बसतो, फुंकून निघत नाही. चिकटपट्टीच्या कडेने टिपून काढावा लागतो. नवी गुंडाळी घालायची तर जुन्या तारेचीच जाडी आणि वेढ्यांची तीच संख्या हवी. ती फटीच्या मधोमध बसावी म्हणून चहूबाजूंनी फोटोफिल्मच्या पट्ट्या खोवतात, डिंक वाळला की ओढून काढतात. फाटलेल्या कागदाला पातळ कागदाचे ठिगळ चालते, पण सरस जास्त झाला की कोन जड होतो आणि आवाज बसतो. अल्निकोचे युनिट तर मागून उघडूच नये. चुंबक लोखंडी घरातून बाहेर काढले की त्याची शक्ती उतरते आणि पुन्हा चुंबकित करण्याचे यंत्र तालुक्याला कोठून असणार? शेवटी दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावतात. धन टोक धन खुणेला लावल्यावर कोन पुढे आला म्हणजे जोडणी बरोबर. चार युनिटांपैकी एक जरी उलटे जोडले, तरी ती एकमेकांचा आवाज खातात.

बिदरची बिदरी कारागिरी जगाला ठाऊक आहे. तिला भौगोलिक मानांकन मिळाले, २०२३ साली शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्रीही मिळाली. त्याचा आपल्या सर्वांना अभिमान आहे. मात्र त्याच जिल्ह्यातल्या त्याच प्रतीच्या चिकाटीच्या दुसऱ्या एका कामाला आपण 'मेकॅनिक' म्हणून मोडीत काढले. पूर्वी युनिट जपत, कारण नवे परवडत नसे. आता तयार डायफ्राम बाजारात मिळतो, स्वस्त स्पीकर तर दुरुस्तीच्या मजुरीतच येतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा कर्ण्याला बंदी केली, आणि ती योग्यच होती. आजारी माणूस व अभ्यास करणारे पोर यांचाही विचार हवा. पण कर्ण्याचा उपद्रव निराळा आणि कर्ण्याचा इतिहास निराळा.

हा इतिहास कागदोपत्री नाही. तो आहे जुन्या युनिटांत आणि साठी-सत्तरी ओलांडलेल्या काही कारागिरांच्या बोटांत. भजनी मंडळे, मशिदी, ग्रामपंचायती, शाळा यांच्या अडगळीत अजून अशी युनिटे पडून असतात आणि भंगारवाला ती किलोवर नेतो. देण्याआधी एवढे करता येईल: मागच्या पट्टीवरचे कंपनीचे नाव व ओहम टिपून घ्यावेत, गावच्या कारागिराला बोलावून जळकी गुंडाळी उलगडायला लावावी, वेढे मोजावेत आणि तारेची जाडी वहीत लिहावी. वेढे आणि जाडी कळली की ते युनिट पुन्हा बोलते करता येते. गुंडाळी गेली की तो हिशेब पुन्हा मिळत नाही.