कायदा आणि मावशी

मुलांच्या रक्षणासाठी मुंबई प्रांतात १९४८ साली कायदा झाला. पण कायद्यापासून सह्याद्रीच्या पायथ्याची वाडी फार लांब होती. श्रोतेहो, रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरूखात हे अंतर एका बाईने कमी केले. इंदिराबाई हळबे यांनी १९५४ साली तिथे ‘मातृमंदिर’ सुरू केले, तेही दोन खाटांच्या प्रसूतिगृहापासून. लोक त्यांना मावशी म्हणू लागले. बाळंतिणीच्या खाटेजवळ घरातले सारे बोलले जाते : कोणाचे मूल पोरके झाले, कोणाला घरात जागा उरली नाही. अशाच निराधार मुलांसाठी पुढे ‘गोकुळ’ उभे राहिले.

आज २०१५ चा बाल न्याय कायदा आहे, १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे. निराधार मूल सापडले, तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत ते बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. पण हे तास मोजायचे, ते कोणी तोंड उघडल्यावर! सारी वाडी एकाच भावकीची असेल, तर फोन कोण करणार? परक्या अधिकाऱ्याला जे सांगवत नाही, ते मावशीला सांगता येते. म्हणून दुर्गम भागात हे काम करणाऱ्याने नोंदवही उघडण्याआधी ओसरीवर बसायला शिकले पाहिजे.