शेवटची बोट आणि पोरांचं अर्धं तिकीट

परवा गावाहून आत्याचा फोन आला. दर वर्षीचाच प्रश्न. "पोरांना घेऊन येणार ना रे यंदा?" मी म्हटलं, "बघतो गं आत्या, तिकिटांचं कसं जमतंय ते." फोन ठेवला आणि आठवलं, गेल्या वर्षी मी हेच म्हणालो होतो. त्याच्या आदल्या वर्षीही हेच.

माझी धाकटी सहा वर्षांची आहे. आत्याला तिने आजवर एकदाच पाहिलंय, एका लग्नात. फोनवर "आजीशी बोल" म्हटलं तर विचारते, "कोणती आजी?"

म्हणून मंडळी, आज जरा जुनं काही. मे महिन्यात गावी जाणं हा आपण मायेचा विषय समजतो. तो आहेच. पण तो तितकाच गाडीचा आणि तिकिटाचा विषय आहे, आणि आपल्या आज्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

आमचं गाव दापोली तालुक्यात, हर्णैजवळ. आजोबा गिरणीत कामाला, बिऱ्हाड लालबागला एका खोलीत. १९५७ च्या उन्हाळ्यात आजी तीन पोरांना घेऊन भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी गेली. शेंडेफळ मांडीवर, बाबांचा हात धरलेला आणि थोरल्या आत्याकडे फिरकीचा तांब्या सांभाळायला दिलेला. डेकवर सतरंजी पसरून जागा धरायची. बोट लागू नये म्हणून लिंबू हुंगायचं. हर्णैला बोट किनाऱ्याला लागायचीच नाही. ती खोल पाण्यात उभी राहायची, मग होड्या येऊन माणसं उतरवायच्या. पोरं एका हातातून दुसऱ्या हातात खाली दिली जायची. बाबा सांगायचे, "मला कोणी झेलला ते अजून माहीत नाही."

भीती नव्हती असं नाही. दहाच वर्षांपूर्वी, १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून जास्त माणसं गेली होती. तरी बायका लेकरांना घेऊन बोटीत चढत, कारण गिरणी कामगाराच्या बायकोला परवडणारा आणि घराजवळ पोचवणारा रस्ता समुद्राचाच होता.

सुट्टीचं वेळापत्रकही बोटच ठरवायची. पावसाळा तोंडावर आला की कोकणच्या बोटी बंद. त्यामुळे शेवटची बोट कधी, हे घरात सगळ्यांना पाठ. आजोबा आठ दिवसांची रजा काढून मागाहून यायचे आणि सगळे एकत्र परतायचे. तोवर पोरं महिनाभर आजोळी, मावशीकडे, काकांकडे. फणस फोडायचा, आंब्याच्या साठी वाळत घालायच्या, भांडायचं, एका अंथरुणात झोपायचं. आज बाबांची चुलत भावंडं एकमेकांच्या अडीअडचणीला धावतात ना, त्याची सुरुवात त्या महिन्यात झालेली आहे.

मग एसटी आली. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली आणि पुढे हळूहळू कोकणातल्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोचली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कोकणची प्रवासी बोट थांबली. माझं लहानपण लाल डब्यातलं. रात्रभर घाट, खिडकीशी बसून ओकाऱ्या, आणि पहाटे गार वारा लागला की आई म्हणायची, "आलं हो गाव." २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे रोह्यापासून ठोकूरपर्यंत पूर्ण सुरू झाली. आम्हाला खेड स्टेशन मिळालं. वाटलं, आता काय, गाव जवळ आलं.

आलंच होतं. पण पोरांचं काय झालं बघा. २१ एप्रिल २०१६ पर्यंत रेल्वेत पाच ते बारा वयाच्या मुलाला अर्ध्या तिकिटात बर्थ मिळायचा. तेव्हापासून बर्थ हवा तर पूर्ण तिकीट. अर्ध्यात जायचं तर मूल आईबापाच्या बर्थवर. माझी दोन पोरं, नऊ आणि सहा वर्षांची. जुन्या नियमाने आम्हा चौघांची तीन तिकिटं झाली असती, आता चार. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी. आणि रस्त्याने म्हणाल तर मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं, त्याला दशक उलटून गेलं.

पण सगळं खापर सरकारवर फोडून मोकळं होणं बरं नाही. गेल्या मे मध्ये मी हिशोब मांडला, "महाग पडतंय" म्हटलं आणि पोरांना दोन दिवस कर्जतजवळच्या एका रिसॉर्टला नेलं. पैसे गावच्या खर्चापेक्षा जास्त गेले. पोरं पाण्यात खेळली, मजा केली. कोणाची ओळख मात्र झाली नाही.

काल पुन्हा हिशोब केला, या वेळी एसटीचा. पोरांना अजून अर्धं तिकीट, आणि अर्ध्यातही स्वतःची सीट. बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं. म्हणजे माझं एक आणि त्या तिघांची मिळून दीड. अडीच तिकिटांत चौघं. तीन लेकरं घेऊन बोटीत चढणाऱ्या आजीला हा हिशोब एका मिनिटात जमला असता. मला तीन वर्षं लागली.

मागणी साधी आहे. एप्रिल-मे पुरतं तरी रेल्वेने लहान मुलांना अर्ध्या तिकिटात बर्थ द्यावा. आणि एसटीच्या उन्हाळी जादा गाड्या तालुक्याच्या स्टँडवर न थांबता गावापर्यंत जाव्यात. आपल्या आमदार-खासदारांना गणपतीच्या गाड्यांबद्दल आपण दर वर्षी विचारतो. मे महिन्याबद्दलही विचारू या.

आत्याला कळवलंय. ती म्हणाली, "धाकटीला काय आवडतं खायला?" मला पटकन सांगता आलं, याचं बरं वाटलं. पण तिला ते विचारावं लागलं, हे लागलं.

तुमच्या घरी शेवटच्या बोटीने परतलेलं कोणी असेल तर त्यांना विचारा आणि खाली लिहा. ती माणसं आहेत तोवर लिहून घेऊ या.