गोल पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला असं नाही!

वायफाय राउटर, सेट-टॉप बॉक्स किंवा स्पीकरचा अडॅप्टर बिघडला की आपण काय करतो? ड्रॉवरमधले जुने अडॅप्टर काढतो आणि ज्याची पिन बसेल तो लावून टाकतो. मीही तेच केलं होतं.

साकीनाक्याला आमच्या घरी राउटरच्या अडॅप्टरची वायर तुटली. जुन्या मॉनिटरचा अडॅप्टर हाताशी होता. पिन जरा सैल होती, पण बसली. राउटरचे दिवे क्षणभर लागले, 'टप्' असा आवाज आला आणि जळका वास सुटला. राउटरला हवे होते १२ व्होल्ट, अडॅप्टर देत होता १९! अंधेरी-कुर्ला रोडजवळच्या एका रिपेअरिंगच्या दुकानात राउटर उघडला, तर आत १६ व्होल्टचा कपॅसिटर फुटलेला. दुकानातले काका म्हणाले, "अरे, पिन बघून नाही, आकडे बघून लावायचा असतो." राउटर काही वाचला नाही. तुमचा वाचावा म्हणून हा लेख.

फोनला चालतं, मग राउटरला का नाही?

फोनमुळे आपल्याला एक सवय लागली आहे: कोणताही चार्जर लावा, चालतो. टाइप-सी चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. फोन आणि चार्जर आपसात 'बोलतात' आणि फोनने मागितलं तरच व्होल्टेज वाढतं. म्हणून लॅपटॉपचा ६५ वॉटचा चांगला टाइप-सी चार्जर फोनलाही चालतो. गोल पिनच्या अडॅप्टरमध्ये असं बोलणं होतच नाही. लेबलवर १९ व्होल्ट लिहिलं असेल, तर तो थेट १९ देणार. म्हणजे विचारपूस आपल्यालाच करावी लागते.

लावण्याआधी या ४ गोष्टी जुळवा

अडॅप्टरच्या लेबलवर 'आउटपुट'ची ओळ शोधा. डिव्हाइसला काय हवं, ते त्याच्या मागे किंवा खाली लिहिलेलं असतं.

१. व्होल्ट: दोन्हीकडे आकडा सारखाच हवा. १२ म्हणजे १२.

२. अँपिअर: अडॅप्टरचा आकडा डिव्हाइसइतका किंवा जास्त हवा. टाकी मोठी असली म्हणून बादली जास्त पाणी घेत नाही. तसंच १ अँपिअरच्या राउटरला २ अँपिअरचा अडॅप्टर बिनधास्त चालतो. उलट केलंत तर अडॅप्टर तापतो किंवा राउटर सारखा रीस्टार्ट होतो.

३. एसी की डीसी: सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघा म्हणजे डीसी. नागमोडी रेघ म्हणजे एसी. हेही सारखंच हवं.

४. पोलॅरिटी: छोट्या वर्तुळांच्या चित्रात मधल्या ठिपक्याला अधिकचं चिन्ह जोडलेलं असेल, तर पिनच्या आतला भाग पॉझिटिव्ह. राउटरमध्ये बहुधा असंच असतं. पण गिटारच्या अनेक इफेक्ट पेडलमध्ये ९ व्होल्ट आणि मधला भाग निगेटिव्ह असतो. इथे उलटं लावलं तर डिव्हाइस जळू शकतं.

बिघाड कुठे आहे?

मल्टीमीटर डीसीच्या २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. लाल टोक पिनच्या आत, काळं बाहेरच्या धातूला. १२ च्या आसपास आकडा आला तर व्होल्टेज ठीक. उणे आकडा आला तर पोलॅरिटी उलटी. शून्य आलं तर पिनजवळची वायर हलवून बघा. आकडा येत-जात असेल तर वायर आतून तुटली आहे.

एक गंमत लक्षात ठेवा: मीटरवर १२ दिसूनही राउटर सारखा बंद पडू शकतो. अडॅप्टरमधला कपॅसिटर कमजोर झाला की लोड येताच व्होल्टेज पडतं. अशा वेळी त्याच रेटिंगचा दुसरा अडॅप्टर लावून बघा.

काय दुरुस्त करायचं, काय नाही?

पिनकडची वायर तुटली असेल तर अडॅप्टर सॉकेटमधून काढून ती जोडता येते. दोन्ही तारा वेगवेगळ्या सोल्डर करा, प्रत्येकीवर हीट श्रिंक ट्यूब चढवा आणि पोलॅरिटी पुन्हा मोजा. नुसती पिळून टेप लावलेली वायर सैल होते, तापते.

पण अडॅप्टरचा डबा उघडू नका. आपल्याकडची २३० व्होल्टची वीज आत डीसी होते तेव्हा ती साधारण ३२५ व्होल्टपर्यंत जाते आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ राहू शकते. झटका जिवावर बेतू शकतो. नवीन अडॅप्टर त्याहून स्वस्त!

नवीन घेताना लेबलवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. हा क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून खरा आहे का ते तपासता येतं.

आणि आजच एक काम करा. घरातल्या प्रत्येक अडॅप्टरवर मार्करने लिहून ठेवा: कशाचा आणि किती व्होल्टचा. मी हे राउटर जळाल्यावर केलं, तुम्ही आधीच करा.