पाण्यावरून चाललेली माणसे

ज्युली डॅश या कृष्णवर्णीय दिग्दर्शिकेचा 'डॉटर्स ऑफ द डस्ट' हा चित्रपट १९९१ साली प्रथम दाखविला गेला. आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीने दिग्दर्शित केलेला व अमेरिकेतील चित्रगृहांत सर्वत्र प्रदर्शित झालेला हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होय. कथानक असे फारसे नाहीच. १९०२ साली जॉर्जिया व साउथ कॅरोलायना यांच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावरून पेझंट नावाचे कुटुंब उत्तरेकडे कायमचे जावयास निघाले आहे. त्याआधी सारे आप्त समुद्रकाठी एकत्र जेवतात. नव्वदीकडे झुकलेली नाना पेझंट मात्र जाणार नाही. (आपल्याकडे 'नाना' पुरुष असतात, तेथे तो आफ्रिकेतून आलेला वडीलधाऱ्यांचा मानाचा शब्द आहे.)

ही माणसे गुल्ला या नावाने ओळखली जातात. त्यांच्या पूर्वजांना पश्चिम आफ्रिकेतून धरून आणले, त्यात भातशेती जाणणाऱ्यांना विशेष मागणी होती. बांध घालणे, उघाडीतून पाणी घेणे आणि सोडणे ही विद्या मळेवाल्यांची नव्हे, गुलामांची. हिवतापाच्या दिवसांत गोरे धनी बेटे सोडून शहरात जात. मागे राहणाऱ्यांत आफ्रिकनांचीच बहुसंख्या असे. त्यामुळे त्यांची बोली, टोपल्या विणण्याची कला व पूर्वजांविषयीचा भाव टिकून राहिला. लोक या बोलीला मोडकी इंग्रजी म्हणून हसत. १९४९ साली लॉरेन्झो डाऊ टर्नर या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञाने तिच्यातील हजारो शब्द व नावे आफ्रिकी भाषांतून आल्याचे दाखवून दिले.

चित्रपटातील एका प्रसंगाने मला फार दिवस अस्वस्थ केले. १८०३ साली जॉर्जियाच्या सेंट सायमन्स बेटाजवळ इग्बो बंदिवानांनी गुलामगिरी पत्करण्याऐवजी खाडीत पाऊल टाकले. काही बुडाले, काही पुन्हा पकडले गेले. लोककथा मात्र सांगते की, ते पाण्यावरून चालत आफ्रिकेला परत गेले. चित्रपटात बिलाल नावाचा वृद्ध मुसलमान म्हणतो की तो तेथे हजर होता. बेड्या घातलेले ते लोक बुडाले, वर आले नाहीत. आणि गर्भवती यूला तीच कथा पाण्यावर चालण्याची म्हणून सांगते. (बिलाल ज्या 'वाँडरर' जहाजातून आल्याचे सांगतो, ते १८५८ सालचे, तेव्हा त्याची साक्षही सनावळीला धरून नाही.) दिग्दर्शिका निवाडा करीत नाही. इतिहासकाराला बिलालच पटणार, आणि पटावा. पण जलावर पाऊल ठेवणाऱ्या पेत्राची कथा दरवर्षी वेदीवरून वाचणाऱ्या माझ्यासारख्याने यूलाला खोटे म्हणताना अडखळले पाहिजे. बुडालेल्यांच्या नातवंडांना ते बुडाले एवढेच ठाऊक असते, तर ती कशाच्या आधारावर जगली असती?

घरातली व्हायोला उत्तरेत राहून सुवार्तिक झाली आहे. आजीचे ताईत, बाटल्या टांगलेले झाड, पूर्वजांशी चाललेले बोलणे, हे सारे तिला अंधार वाटते. ख्रिस्त आपल्या लोकांना अमेरिकेत भेटला, अशीच तिची समजूत दिसते. प्रत्यक्षात काँगोचा राजा १४९१ साली स्नानसंस्कार घेऊन झुआंव झाला होता, आणि त्याच्या नातवाला, एन्रिकेला, १५१८ साली बिशपपद मिळाले. साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीजवळ ९ सप्टेंबर १७३९ रोजी, रविवारी, गुलामांनी बंड केले. (वसईचा किल्ला पडला तो याच वर्षी, मे महिन्यात.) बंडखोरांतील पुष्कळ जण पोर्तुगीज बोलणारे काँगोचे कॅथॉलिक असावेत, असे जॉन थॉर्नटन या इतिहासकाराने १९९१ साली मांडले. आदला दिवस पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाचा होता, याकडेही पुढे अभ्यासकांनी लक्ष वेधले. ज्यांना धर्म शिकवायला निघालो, त्यांच्यापैकी काहींच्या पूर्वजांच्या गळ्यात तो आधीच होता, हे व्हायोलाला कोणी सांगितले नाही.

तिला हसण्याचा अधिकार मला नाही. तरुणपणी एका धर्मग्रामात असताना मृतांच्या स्मरणदिनाच्या रात्री एक आजी पानावर भात वाढून अंगणात ठेवीत असे. मी प्रवचनात नाव न घेता तिला खडसावले. पुढल्या वर्षी तिने भात ठेवला नाही. पहिल्या बाकावरची तिची जागाही तिने सोडली. ती भात कोणासाठी ठेवीत होती, हे मी विचारले नव्हते. आफ्रिकेची स्वतःची ख्रिस्ती जीवनरीत असू शकते, असावीच, असे पोप सहावे पॉल यांनी १९६९ साली कंपालात सांगितले होते. सेमिनरीत हे आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते.

चित्रपटाच्या शेवटाकडे नाना आपल्या आईच्या केसांची बट काढते. आईने विकली जाण्यापूर्वी ती मुलीसाठी कापून ठेवली होती. त्या बटेचा व स्वतःच्या केसांचा ताईत ती व्हायोलाच्या बायबलवर बांधते व एकेकाला त्याचे चुंबन घ्यावयास बोलावते. सून हॅगार नकार देते. व्हायोला दचकते, पण अखेर तीही वाकते. मग होड्या निघतात. यूला, तिचा नवरा ईलाय आणि यलो मेरी नानाबरोबर काठावर राहतात.